मधाच्या रंगाचा ठिपका

तिच्या कामाच्या खोलीत पहिल्यांदा येणारा माणूस दारातच थबकतो. थबकणारच हो! समोर भिंतीला लागून काचेचं कपाट, कपाटात ट्रे, आणि ट्रेमध्ये डोळे. काळे, तपकिरी, घारे, एखाददुसरा निळाही. पापणी नाही, भुवई नाही, नुसते डोळे वर बघत पडलेले. तुम्ही खिडकीशी जा, तुमच्याकडे बघतात. खुर्चीत बसा, तरी तुमच्याकडेच. पोस्टमन तर उंबऱ्याच्या आत पाऊलच टाकत नाही. बाहेरूनच ओरडतो, "डोळेवाल्या बाई, सही!"

सगळे तिला डोळेवाल्या बाईच म्हणतात. अपघातात, आजारपणात ज्याचा डोळा गेला, त्याला ती खोटा डोळा करून देते. त्याने दिसत काही नाही. पण माणूस पुन्हा आरशासमोर उभा राहतो, मान वर करून दुकानात जातो. हे काम तिला सासऱ्यांनी शिकवलं. आधी रिकाम्या खोबणीचा साचा घ्यायचा. मग दातांची कवळी करतात तसल्या मसाल्याचा पांढरा डोळा ओतायचा, त्यावर तांबड्या रेशमाचे तंतू चिकटवायचे, त्या शिरा. आणि शेवटी बुबुळ. ते दिवसाच्या उजेडात, माणसाला समोर बसवून, त्याच्या चांगल्या डोळ्यात बघत बघत रंगवायचं. "आठवणीतून रंगवू नकोस पोरी," सासरे बजावायचे, "आठवण लबाड असते. समोर बसलाय ना, त्याच्याकडे बघ."

सासरे पक्के विश्वासी ख्रिस्ती. काम सुरू करताना साच्यावर अंगठा ठेवायचे आणि म्हणायचे, "प्रभू, ह्याला पुन्हा लोकांत जाऊ दे." तेवढंच. लांबलचक प्रार्थना त्यांना जमायची नाही, आणि चर्चमध्ये कोणी फार लांबवली की ते सरळ डुलक्या काढायचे. ते गेले, मागोमाग नवराही गेला, पण अंगठ्याची सवय तिच्याकडे राहिली.

तिचा लेक याच खोलीत वाढला. ट्रेशेजारी बसून गृहपाठ करायचा. ती रागावली की कपाटाकडे बोट दाखवायचा, "आई, जरा हळू. एवढे साक्षीदार बसलेत!" रेशमाच्या शिरा लावायला बसला की त्याचा हात आईपेक्षा हलका. त्याच्या डाव्या बुबुळात, खालच्या अंगाला, मधाच्या रंगाचा एक ठिपका होता, जन्मापासूनचा. उन्हात आला की चमकायचा.

एका सकाळी तो सायकलवर कामाला निघाला, आणि पाव पोचवणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरला चालवता चालवता डुलकी लागली. लेक रस्त्यातच गेला. ड्रायव्हर वाचला. काच घुसून त्याचा डावा डोळा मात्र फुटला. पुढे कोर्ट झालं, शिक्षा झाली. ती कोर्टात एकदाही गेली नाही. तिच्या मनाला एकच गोष्ट खात राहिली, आणि ती तिने कोणालाही विचारली नाही. शेवटच्या घटकेला माझ्या पोराजवळ कोणी होतं का? की एकटाच पडला होता?

चर्चला जाणं तिने सोडलं नाही. कोणाकडे आजारपण असलं की डबा घेऊन ही पुढे. पण रविवारी सगळे मिळून प्रभूची प्रार्थना म्हणताना ती 'आम्ही इतरांना क्षमा करतो तशी आम्हाला कर' या ओळीपाशी आली की तिचे ओठ मिटायचे. एवढ्या आवाजात कोणाला काय कळणार? शेजारी उभ्या असलेल्या नणंदेला कळायचं. नणंद लग्न न करता भावाच्या घरी राहिलेली, जिभेने तिखट, पण याबाबतीत तिने कधी तोंड उघडलं नाही.

आणि बऱ्याच वर्षांनी एक दिवस हॉस्पिटलची चिठ्ठी घेऊन एक माणूस दारात उभा राहिला. डोळ्यावर पट्टी, मान खाली. चिठ्ठीवरचं नाव तिने वाचलं आणि पुन्हा वाचलं. तेच, त्या ड्रायव्हरचं नाव.

आता तुम्ही म्हणाल, दार लावून घ्यायचं! नणंदही तेच म्हणाली, स्वयंपाकघरात ओढून नेऊन. "वहिनी, हाकलून दे त्याला. नाहीतर मी हाकलते."

"आलेल्याला परत पाठवायचं नाही, असा या घरचा नियम आहे," ती म्हणाली. म्हणाली खरी, पण आवाज तिचा तिलाच परका वाटला.

तिने साचा घेतला. खोबण आक्रसली होती. इतक्या वर्षांत त्याने डोळा बसवून घेतला नव्हता. "आधी का नाही आलात?" हे तोंडातून कामाच्या सवयीने गेलं. तो पट्टी सोडून बसला होता, नजर स्वतःच्या बुटांवर. तिने त्याला वर बघायला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. तिला तो डोळा बघायचाच नव्हता. ब्रश उचलला, बुबुळाची चकती पुढे ओढली आणि रंगवत सुटली. साच्यावर अंगठाही ठेवला नाही. तपकिरी डोळा तर तपकिरी, त्यात काय बघायचं?

खोलीत त्या दिवशी कसलाच आवाज नव्हता. नेहमी नळ ठिबकतो, तोही ठिबकत नव्हता. मानेवर कोणीतरी बघत असल्यासारखं तिला सारखं वाटत होतं. त्या खोलीत असं वाटायला पाहिजेच म्हणा, पण इतक्या वर्षांत तिला कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डोळा तयार झाला. वरचा पारदर्शक थर चढला, पॉलिश झालं, आणि नणंद चहा घेऊन आली ती किंचाळलीच. कप खाली, चहा फरशीवर.

"वहिनी! हा कोणाचा केलास?"

तिने डोळा उजेडात धरला. बुबुळाच्या खालच्या अंगाला मधाच्या रंगाचा ठिपका होता. डाव्या डोळ्यात, नेमका तिथेच.

तिने तो रंग घेतलाच नव्हता. पॅलेट पुन्हा पुन्हा पाहिलं. काळा होता, तपकिरी होता, जरासा हिरवा. मधाचा रंग कुठेच नव्हता. तो डोळा तिने चुकलेल्या डोळ्यांच्या ट्रेमध्ये पालथा टाकला आणि ड्रायव्हरला निरोप धाडला की रंग बिघडलाय, पुन्हा या.

तो पुन्हा आला. पुन्हा मान खाली. पुन्हा तिने न बघता रंगवलं. दुसऱ्या डोळ्यातही ठिपका आला. तिसऱ्या वेळी तिने बुबुळ मुद्दाम इतकं गडद केलं की जवळपास काळंच. थर चढला, आणि त्या काळोखातून तो ठिपका हळूच वर आला, पडद्यामागून कोणीतरी डोकावावं तसा.

ट्रेमध्ये पालथे टाकलेले दोन्ही डोळे सकाळी उताणे असायचे. नणंद शपथेवर सांगायची की तिने हात लावला नाही, आणि तिच्यावर विश्वास ठेवायला हवा, कारण ती आता त्या खोलीत झाडूही मारत नव्हती. उंबऱ्यापर्यंत केर काढायची आणि तिथूनच म्हणायची, "पुढचं तुझं तू बघ बाई."

तिसरा डोळा पाहिल्यावर मात्र नणंद आत आली. कपाटाकडे पाठ करून उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "दे त्याला हाच."

"काय?"

"हाच बसव. जन्मभर आरशात आपल्या पोराचा डोळा बघू दे. दाढी करताना बघू दे. बघू दे त्याला, कसं जगवतं ते! पोरालाच तसं हवं असेल, नाहीतर तो ठिपका येतोय कशाला सारखा सारखा?"

तिने नणंदेला गप्प करायला हवं होतं. केलं नाही. खरं सांगायचं तर तो विचार तिला गोड लागला. इतका गोड, की तिलाच भीती वाटली. रंग थोडा वेगळा दिसेल, माणसं चालवून घेतात. ठिपका कोणाच्या लक्षात येणार? त्याच्या एकट्याच्या. पोर काय मागतंय, हेही तिला कळेना. सूड मागतंय का? माझ्या पोटचा पोरगा सूड मागेल? प्रार्थनेला बसली तर शब्द फुटेना. डोळे मिटले की तिन्ही ठिपके समोर यायचे.

बसवायच्या दिवशी ड्रायव्हर सकाळीच आला. ऊन खिडकीतून थेट खुर्चीवर पडलं होतं. नणंद दाराशी उभी, हाताची घडी घालून. तिने तिसरा डोळा धुतला, कोरडा केला. हात थरथरत नव्हता, हेच वाईट होतं. ती त्याच्यासमोर बसली. डोळा खोबणीत सरकवण्याआधी चांगल्या डोळ्याशेजारी धरून जुळतो का ते बघायचं असतं. एवढी वर्षं तिने प्रत्येकाला जे सांगितलं, ते तिचं तोंड आपसूक बोलून गेलं.

"माझ्याकडे बघा."

त्याने मान वर केली. इतक्या खेपांत पहिल्यांदाच.

तिच्या डोक्यात तो डोळा राक्षसाचा होता. समोर होता तो साधा, फिकट तपकिरी, कडेला पिवळसर झालेला, आणि इतका घाबरलेला की पापणी लवत नव्हती. बाहुलीत खिडकी होती, आणि खिडकीपुढे एक म्हातारी होत चाललेली बाई हातात काहीतरी धरून बसली होती. ती बाई तिला ओळखू आली, आणि तिची तिलाच शरम वाटली.

"प्रभू," ती पुटपुटली. मग मोठ्याने म्हणाली, "हा डोळा तुमचा नाही. मी तुमच्याकडे बघितलंच नाही, न बघता केला. चूक माझी आहे. नवा करते."

दाराशी नणंदेने श्वास जोरात आत ओढला.

ड्रायव्हरचं तिच्या बोलण्याकडे लक्ष नव्हतं. तो तिच्या हातातल्या डोळ्याकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरत चाललं होतं.

"हा डोळा मी बघितलाय," तो म्हणाला.

नणंदेने हाताची घडी सोडली.

"रस्त्यावर आम्ही समोरासमोर पडलो होतो, ताई. मी गाडीतून बाहेर फेकला गेलो होतो. इतक्या जवळ, की मला हा ठिपका दिसत होता. तो जागा होता. मी त्याचा हात धरला. सोडला नाही मी, लोक येईपर्यंत सोडला नाही." त्याने पट्टी मुठीत चुरगळली. "मी माफी मागत होतो. तो माझ्या तोंडाकडेच बघत होता. म्हणाला, 'तुमच्या डोळ्याला लागलंय हो, दाबून धरा.' मग म्हणाला, 'घाबरू नका. माझी आई डोळे करते. तिच्याकडे जा.'"

तिने हातातला डोळा हळूच मांडीवर ठेवला.

"इतकी वर्षं धीर झाला नाही," तो म्हणाला. "पण त्याने सांगितलं होतं ना."

मग ती रडली. कशी रडली म्हणून सांगू! पोराला मातीत ठेवतानाही अशी रडली नव्हती. नणंद दारातून धावत आली आणि तिने वहिनीचं डोकं पोटाशी धरलं. दोघी रडल्या आणि ड्रायव्हर खुर्चीत बसून आपला एकच डोळा पुसत राहिला. पोर एकटं नव्हतं. आणि जे आईला इतक्या रविवारी जमलं नाही, ते पोराने रस्त्यावर पडल्या पडल्या करून टाकलं होतं. तीन खेपा ठिपक्यातून पोर काय मागत होतं, तेही आता कळलं. आपण पाठवलेल्या माणसाकडे आईने बघावं, एवढंच.

तोंड धुऊन ती परत आली. नवी चकती घेतली. साच्यावर अंगठा ठेवला. "प्रभू," ती म्हणाली, "ह्याला पुन्हा लोकांत जाऊ दे." मग ब्रश उचलला. "वर बघा. नाही, खाली नाही, माझ्याकडे. लाजायला काय झालं?"

ऊन उतरेपर्यंत ती त्याच्या डोळ्यात बघत होती. तो डोळा फिकट तपकिरी झाला, कडेला पिवळसर, हुबेहूब त्याचा. ठिपका आला नाही.

पुढच्या रविवारी नणंद शेजारी कान देऊन उभी होती. ती ओळ वहिनीने म्हटली. आवाज फुटका होता, पण म्हटली. चुकलेल्या डोळ्यांच्या ट्रेमधले ते तीन डोळे तिने मऊ कापडात गुंडाळून कपाटात वर ठेवलेत. ते आता ठेवले तसे राहतात. नणंद झाडूही मारते, बडबड करत का होईना.

खोटा डोळा वर्षाकाठी पॉलिश करावा लागतो, नाहीतर पापणीला टोचतो. ड्रायव्हर न चुकता येतो. ती डोळा काढून घेते, चाकावर धरते आणि चाक फिरत असताना, मान वर न करता, दर वर्षी तेच विचारते.

"कसं म्हणाला होता हो?"

आणि तो पहिल्यापासून सांगतो.