ओळ संपली की थांबायचं

अंधेरीच्या गावठाणातलं चर्च सव्वीस वर्षं एकाच पट्टीत गात आलं, त्याला कारण आयडाची तर्जनी. ते बोट गिटारच्या सगळ्या तारांवर आडवं दाबून एफची कॉर्ड वाजवणं तिला कधी जमलं नाही. म्हणून एफ लागणारं प्रत्येक गीत ती उचलून जीच्या पट्टीत नेऊन ठेवायची. फादर बदलले, माइक बदलले, पट्टी तीच राहिली.

त्यामुळे लेकीच्या रिसेप्शनला गिटार कोण वाजवणार, हा प्रश्न आयडाला पडलाच नव्हता. लेकीला, ॲनेटला, पडला होता.

"मम्मी, तू नको वाजवू. तू काहीही वाजवलंस ना, की चर्चमधली मिस्सा सुरू होते."

"म्हणजे?"

"म्हणजे लोक उभे राहतात."

नवरा, बर्नार्ड, बोंबील साफ करत होता. मान वर न करता म्हणाला, "खरंय. नाताळात तू डान्सचं वाजवलंस, मी टोपी काढली."

दुसऱ्या दिवशी आयडा खालच्या मजल्यावर गिटारचे क्लास घेणाऱ्या श्रुतिकाकडे जाऊन बसली. ॲनेटच्या रिंगटोनचं इंग्रजी गाणं शिकव म्हणाली, पण लेकीला कळता कामा नये. मग बोट पुढे करून एफचीही कबुली दिली, फादरसमोर देतात तशा आवाजात.

"आंटी, एफ विसरा," श्रुतिका म्हणाली. "पॉवर कॉर्ड घ्या. दोन बोटं, दोन तारा. तोच आकार वर सरकवा, खाली सरकवा. झालं गाणं."

"एवढंच?"

"एवढंच."

आयडाला रागच आला. ज्या बोटाला ती इतकी वर्षं बाम चोळत होती, त्याचं कामच या पोरांनी काढून टाकलं होतं, आणि वर नाव ठेवलं होतं पॉवर.

आकार तीन दिवसांत बसला. तळहाताची कड तारांवर टेकवून आवाज दाबायचा, तेही भाकऱ्या थापणाऱ्या हाताला अवघड गेलं नाही. अडलं भलतीकडेच. ओळ संपली की आयडा थांबायची.

"आंटी, थांबू नका ना."

"मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या श्वास घेतात गं."

"इथे म्हाताऱ्या नाहीत."

"असतात," आयडा म्हणाली.

श्रुतिकाने ताल धरायला फोनवर टकटक लावून दिली. आयडा तिलाही श्वास घ्यायला वेळ द्यायची. अखेर पंधराव्या दिवशी गाणं न थांबता पार पडलं, तेव्हा तिला रविवारची मिस्सा चुकवल्यासारखं वाटलं.

रिसेप्शनला ॲनेट नवऱ्याचा, एल्टनचा, हात धरून नाचायला उतरली, तेव्हा आयडा श्रुतिकाची इलेक्ट्रिक गिटार गळ्यात घालून बँडमध्ये उभी. बँडवाल्यांना श्रुतिकाने आधीच सांगून ठेवलं होतं. ॲनेटने डोळ्यांनीच 'नको' म्हटलं. आयडाने दोन बोटं ठेवली.

पहिली ओळ झकास निघाली. दुसरीही. बर्नार्डने ग्लास खाली ठेवला. तिसरी संपता संपता आयडाची नजर मागच्या रांगेवर गेली. तिथे बर्नार्डची आत्या रोझीबाय, वय एक्याण्णव, एक शब्द येत नसताना गायला तोंड उघडून बसली होती.

आयडा थांबली.

ड्रमवाला एकटाच पुढे गेला आणि परत आला. रोझीबायने श्वास घेतला आणि सवयीने उभी राहिली. मग तिची रांग, मग पुढची. दोघातिघांनी हातही जोडले.

लेकीकडे बघायची आयडाची हिंमत नव्हती. खाली मान घालून तिने पुढची कॉर्ड वाजवली, आणि नेमकी त्याच क्षणी फरशीवर एक टाच वाजली. ॲनेटची. ती पाय उचलून तशीच थांबली होती. आई किती थांबते हे लहानपणापासून पहिल्या बाकावर बसून तिला पाठ झालं होतं. एल्टनला कुठून ठाऊक असणार. त्याचा पाय केव्हाच खाली आला होता, तिच्या झग्यावर.

कडवं संपलं. कोणी बसेना.

ॲनेटने झगा सोडवून घेतला.

"दुसरं घे आता, मम्मी," ती म्हणाली. "उभे आहेत सगळे."