शाईबाईंची विहीर

शाईबाई चित्र काढायला बसल्या की आधी सगळा पुठ्ठा काळा करायच्या. जाड पुठ्ठ्यावर पांढऱ्या मातीचा थर, तो वाळला की त्यावर शाई, आणि मग दाढीच्या अर्ध्या पात्यानं शाई खरवडून त्या माणसं, घरं, राक्षस बाहेर काढत. "आधी सगळं अंधारात टाकायचं, मग लागेल तेवढाच उजेड कोरायचा," असं म्हणायच्या. त्यांच्या नखांतली शाई कधी गेली नाही, म्हणून मुलींनी त्यांना हे नाव दिलं होतं. सीताबर्डीजवळच्या आमच्या मुलींच्या शाळेत त्या चित्रकला शिकवत आणि मी मराठी. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. सहा वर्षं आम्ही शिक्षकांच्या खोलीत एकाच बाकावर बसून डबा खाल्ला.

डबे उघडण्याआधी त्या उठून सगळ्यांचे पेले भरून ठेवायच्या. शिपाईण होती, पण त्यांना ते तिच्यावर सोडवत नसे. "कोनाले पानी मागायले लावू नये," एवढंच म्हणायच्या. मला तो त्यांचा नम्रपणा वाटे. त्यांच्या वडलांनी छप्पन साली दीक्षा घेतली होती आणि घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेल्या त्या पहिल्याच, हे मला माहीत होतं. त्याचा आणि पाण्याच्या पेल्यांचा संबंध मी कधी लावला नाही.

गावातल्या एका साप्ताहिकात दर आठवड्याला त्यांची एक पानभर चित्रकथा येई. 'अंधारपेठ' तिचं नाव. त्या नगरीवर राक्षसांचं राज्य असतं आणि मधोमध एक विहीर असते. जे लोक बिनसावलीचे जन्माला येतात, त्यांनी त्या विहिरीला हात लावायचा नाही, लावला तर राक्षस गिळतो. अशीच एक बिनसावलीची मुलगी घागर घेऊन विहिरीकडे निघते. चित्रं भयंकर होती, पण मध्येच काहीतरी हसवणारं येई. एका चौकटीत राक्षस माणूस गिळतो, पुढच्या चौकटीत त्याला उचकी लागते आणि तो ताक मागतो. खाली नाव नसे, कोपऱ्यात फक्त शाईचा एक ठिपका. तो ठिपका कोणाचा हे शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या वर्षी साप्ताहिकाच्या संपादकांनी मला आपल्याच अंकातल्या मजकुरावर परखड लिहायला सांगितलं, टोपणनावानं. माझ्या एक-दोन लेखांचं कौतुक झालं होतं आणि परखडपणाची मला चटक लागली होती. मी 'अंधारपेठ' निवडली. लिहिलं की या नगरीला पायाच नाही. विहिरीचा नियम कोणी केला, का केला, याचा पत्ता नाही. हे बिनसावलीचे लोक राहतात कुठे, खातात काय, आणि इतके दिवस गप्प का बसले? राक्षसाला उचकी लागली की वाचकानं घाबरायचं की हसायचं, हे कथाकारानं एकदा ठरवून टाकावं. लेख छापून आला तेव्हा मी तो तीनदा वाचला. मला तो फार आवडला होता.

शनिवारी इंग्रजीच्या बाईंनी तो शिक्षकांच्या खोलीत मोठ्यानं वाचून दाखवला. उचकीच्या वाक्याला सगळ्या हसल्या, आणि आपल्यावर संशय नको म्हणून मीही हसले. शाईबाई समोरच बसून संत्रं सोलत होत्या. त्यांनी सगळ्यांच्या पुढ्यात फोडी ठेवल्या आणि घंटा व्हायच्या आधीच वर्गावर निघून गेल्या.

दोन दिवसांनी त्या तो अंक आणि एक वही घेऊन माझ्याकडे आल्या. आम्हा दोघींचा मोकळा तास होता, खोलीत बाकी कोणी नव्हतं. संपादकांनी त्यांना निरोप पाठवला होता, की टीकेप्रमाणे कथा सुधारून द्या, नाहीतर पान बंद करू.

"तुमी मराठीच्या आहात," त्या म्हणाल्या. "हा लिहिनारा काय मनून राहिला, ते मले समजावून सांगा."

मी सांगायला हवं होतं. सांगता आलं असतं. त्याऐवजी मी त्यांना माझाच लेख परिच्छेद पाडून शिकवला. काल्पनिक जगालाही नियम लागतात, नियमाला कारण लागतं, भयाच्या जागी विनोद आला की दोन्ही पातळ होतात, असं सगळं. त्या वहीत उतरवून घेत होत्या. मग पेन थांबलं.

"कारण मी कुठून आनू?" त्या म्हणाल्या. "कन्हानकडे आमच्या गावात विहीर होती. आमी शिवायची नाही. कोनी वरून ओतनारी येईल तोवर माय घागर घेऊन बाजूले बसे, अन् मी तिच्यापाशी. काहून, मनून मी विचारलं तर तिलेही मालूम नव्हतं. मी रडू नये मनून ती त्या लोकायच्या नकला करे. कोन कसा चालते, कोनाले कशी उचकी लागते. आमी हसत बसलो राहू."

त्यांनी हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. एखाद्या मुलीनं उत्तर बरोबर आहे का विचारावं, तसं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "वाचकाला हे कसं कळणार?" आणि घंटा झाल्यावर उठले.

महिनाभरानं त्यांनी नवी पानं आणली. त्यांत आता एक ऋषी होता, त्याचा शाप होता, बिनसावलीच्या लोकांच्या सात पिढ्यांचा इतिहास होता. उचकी गेली होती, ताक गेलं होतं. मुलगी विहिरीपर्यंत पोचतच नव्हती, कारण सगळी जागा खुलाशांनी खाल्ली होती. मी एकेक पान उलटत होते आणि त्या माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या. या पानांत जीव राहिला नाही, हे मला तिसऱ्याच पानावर कळलं.

"आता छान झालंय," मी म्हणाले.

ती पानं छापून आली आणि वाचकांची पत्रं यायची थांबली. दोन महिन्यांत संपादकांनी चित्रकथा बंद केली. पुढल्या वर्षी शाईबाईंची बदली हुडकेश्वरच्या बाजूच्या शाळेत झाली. निरोपाच्या समारंभात मुख्याध्यापिकांनी भाषण मलाच करायला सांगितलं. मी त्यांच्या कलेबद्दल दहा मिनिटं बोलले.

त्यानंतर आठ-नऊ वर्षांनी सीताबर्डीवर बसच्या थांब्याशी त्या अचानक भेटल्या. केस पांढरे झाले होते, हातात भाजीची पिशवी होती. तोवर ते प्रकरण माझ्या मनात इतकं साचलं होतं, की चार शब्द विचारपूस झाल्यावर मी सरळ म्हणून टाकलं, "बाई, तो लेख मी लिहिला होता."

"मालूम आहे," त्या म्हणाल्या.

कधीपासून, असं मी विचारलं.

"वाचला तवापासून. 'पाया नाही' मनून तुमी पोरीयच्या निबंधावर लाल शाईनं लिहीत होत्या ना. सगळ्या वह्या आपल्याच टेबलावर तर राहत." भाजीची पिशवी दुसऱ्या हातात घेत त्या म्हणाल्या, "मनूनच तुमाले विचारायले आली होती. मले वाटलं, सांगाल."

आता चित्रं काढता का, एवढंच मी विचारलं.

"नाही. सुटलं ते." जुनी सवय मोडल्याबद्दल कोणी सांगावं तितक्या सहज त्यांनी सांगितलं. आईला शब्द दिला होता, की त्या पोरीला एकदा विहिरीतून पाणी काढू देईन, तेवढं राहिलं, असंही म्हणाल्या. मग माझे गुडघे कसे आहेत ते विचारलं, कारण मी उभ्या उभ्या पाय बदलत होते.

माझी बस आधी आली. गर्दी होती. शाईबाईंनी माझ्या हातातली पिशवी घेतली, मला पुढे करून वर चढवलं आणि पिशवी खिडकीतून आत दिली. मी ती मांडीवर घेऊन बसले. बस हलेपर्यंत त्या खाली उभ्या होत्या. मला खिडकीबाहेर पाहायचा धीर झाला नाही.