फुलवंताबाईंनी धुरा फोडला

२००९ साली पाऊस रुसला आणि चोरखमारा तलावाच्या कालव्याला पाणी जेमतेम आलं. कालव्याकाठच्या एका गावात फुलवंताबाई राहायच्या. साठीच्या, विधवा, दोन एकर बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, स्वतः कसणाऱ्या. त्यांचे थोरले दीर हुकुमचंद यांनी पावसासाठीच्या पूजेनंतर देवळात सगळ्यांना थांबवून घेतलं.

"जो देश देवाचं आयकते, तिथं पानी येते," ते म्हणाले. "आपन आयकत नाही, म्हनून हे हाल."

फुलवंताबाई दिरांसमोर कधी बोलत नसत. त्या दिवशी पदर सावरत हळूच म्हणाल्या, "पूजा तं करूनच राहिलो आपन. पन आपन खालच्या बांध्यांचं पानी अडवून ठेवलं, थे देवानं सांगतलं का?"

त्या तडक शेतावर गेल्या आणि फावड्यानं आपला धुरा, म्हणजे पाणी अडवणारा शेताचा बांध, फोडला. खालच्या बांधीत अल्का रामटेकेचं धान पिवळं पडलं होतं. पाणी शिरताना पाहून ती धावत आली.

"काकू, मी तं तुमच्या पूजेले आली नव्हती."

"धानाले कुठं मालूम आहे थे," फुलवंताबाई म्हणाल्या. अल्काला रडू आलं. मग दोघी धुऱ्यावर बसून पाणी पुढं सरकताना बघत राहिल्या.

तिसऱ्या दिवशी हुकुमचंदही फावडं घेऊन आले. भावजयीकडे न बघता त्यांनी आपला धुरा फोडला. त्या साली धान सगळ्यांनाच थोडं झालं, पण कुणाचीच बांधी वाळली नाही.