तांदळातलं नाव

गेल्या महिन्यात आमच्या वडनेरच्या शाळेने प्रयोगशाळेला माझ्या दिवंगत पत्नीचं नाव दिलं, आणि समारंभात एकीऐवजी दोन बायांचे फोटो लावले. सगळे मलाच विचारतात, "सर, दुसरी कोण?" सांगून सांगून थकलो. आता एकदाचं लिहून टाकतो.

तिचं माहेर देऊळगाव राजाचं. महाराष्ट्र नुकताच झाला होता तेव्हा ती नागपुरात शिकून एका वेधशाळेत संशोधन करत होती. ताऱ्याचा प्रकाश फोडून तो कशाचा बनलाय हे ओळखायचं, हे तिचं काम. आमच्या भागातली एकही बाई तोवर या वाटेला गेली नव्हती. तिचा एक निबंध परदेशात छापून आला होता, अर्थात माहेरच्या नावाने.

लग्न होऊन वरात वडनेरला आली. लक्ष्मीपूजनाला तांदळाचं ताट समोर ठेवलं. नवऱ्याने त्यात अंगठीने बायकोचं नवं नाव लिहायचं, अशी रीत. ती हळूच म्हणाली, "आहे तेच लिहा ना. त्या नावानं छापून आलंय."

माझ्या आत्याने ऐकलं. "वा वं बाई! आल्या आल्या फर्मान! मंग लिव्हतं कायले बाबू, शिजवून खाऊ ना तांदूय!"

बायका हसल्या. मीही हसलो आणि मला आवडलेलं नाव लिहिलं.

एवढ्यावर थांबलो असतो तरी भागलं असतं. घरात नवं नाव, सर्टिफिकेटवर जुनं, असं कितीतरी जणींचं होतं. पण मी पडलो हायस्कुलातला मास्तर; अर्धवट काम मला खपत नसे. रेशनकार्डासाठी हवंय असं सांगून तिच्या सह्या घेतल्या आणि राजपत्रात नाव बदलून टाकलं. लग्नानंतरही तिची नोकरी चालू होती, त्या वेधशाळेलाही कळवलं. पुढचे सगळे निबंध नव्या नावाने निघाले. ती महिनाभर माझ्याशी बोलली नाही. मला वाटलं, बायका रुसतातच.

काही वर्षांनी दुसरीकडच्या एका मोठ्या जागेसाठी तिची मुलाखत झाली. परत आली ती सरळ चूल पेटवायला बसली.

"काय झालं?"

"त्यांनी विचारलं, मूळ काम तो पहिला निबंध लिहिणाऱ्या बाईंचं, तुम्ही त्यात नवीन काय केलंत?"

"मग सांगायचंस ना, ती मीच!"

"सांगितलं. म्हणाले, पुरावा दाखवा."

"राजपत्राचा कागद दाखवायचास."

"तो तुमच्या ट्रंकेत आहे."

मी कागद पाठवला तोवर जागा भरली होती. ती शेवटपर्यंत दुय्यम पदावरच राहिली. पुस्तकांतही दोन बायाच झाल्या. पहिलीचं पुढे काय झालं ते कळत नाही, असं एकाने लिहिलं होतं. मी ते वाचलं तेव्हा ती शेजारच्या खोलीत ज्वारी निवडत होती.

म्हणून मी शाळेच्या समितीला म्हणालो, माहेरचं नाव द्या. अध्यक्ष माझाच विद्यार्थी. "सर, मंग त्यात तुमचं नाव कुठी आलं?"

"कुठंच नाही."

"काऊन? सोडचिठ्ठी झालती का?"

शेवटी त्याने तोडगा काढला, दोन्ही नावं टाकू. मी कंटाळून हो म्हणालो, तिथेच चुकलो. वेणीतल्या फोटोखाली जुनं नाव लागलं, पिकल्या केसांच्या फोटोखाली नवं. दोन्हींना हार. पाहुण्यांनी भाषणात दोघींना मायलेकी करून टाकलं!

मी उठलो. अध्यक्ष सदरा ओढत होता. "सर, बसा ना, पाहुणे बोलून राह्यले."

"मायलेकी नाहीत हो! एकच बाई आहे. दुसरी मी केली!"

पुढच्या रांगेने तेवढं ऐकलं. मागे मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, भाषण संपलं.