आईच्या पुढ्यात मक्याचा कीस

मागच्या उन्हाळ्यात हिंगोलीला आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि तिथून मी तिला हिंगोलीजवळच्याच गोरेगावला माझ्या घरी आणलं. डोळ्यात वेळेवर थेंब टाकायचे, धुराजवळ जायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. भावाकडे घरात चूल आणि सगळे दिवसभर रानात. आई आली खरी, पण भाकऱ्यांचं आणि शेंगदाण्याच्या चटणीचं गाठोडं सोबत घेऊन. ते पाहूनच माझं डोकं सणकलं.

आमच्याकडे जुनी रीत आहे. लेकीला मुलगा होईपर्यंत आईबापानं तिच्या घरचं जेवायचं नाही. मला दोन मुली, आणि तिसरं नको हे आम्ही नवराबायकोनं केव्हाच ठरवलंय. म्हणजे आई माझ्याकडे कधीच जेवणार नाही. चहा मात्र चालतो. चहाला कोणत्या शास्त्रात सूट आहे, ते मला अजून कळलेलं नाही.

गाठोडं संपलं तशी ती म्हणाली, "उद्याच्या जीपनं जाते मी."

"आन् डोळ्याचं काय?"

"जावयाचं अन्न खाऊन डोळा वाचवू व्हय?"

मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. हिला उपाशी जाऊ द्यायचं नाही, आणि जाऊ तर मुळीच द्यायचं नाही, हे मी तिथंच ठरवून टाकलं.

बोअरजवळच्या पट्टीत नवऱ्याला चारा लावायचा होता. मी हट्टानं कणसांसाठी मका लावला होता. बी मी टोचलं, खुरपलं मी, लाईट आली की धावत जाऊन पाणीही मीच दिलं. तिथं जाऊन नखानं दाबून पाहिलं आणि दूध सुटणारी कोवळी कणसं तेवढी तोडली. सोलून किसणीवर किसली. तेलात मोहरी, जिरं, हिरवी मिरची आणि हळद टाकून कीस परतला. थोडं दूध शिंपडून झाकण ठेवलं. मोकळा झाल्यावर मीठ, दाण्याचा कूट आणि कोथिंबीर घातली, आणि ताटली आईपुढे ठेवली.

"हे जावयाचं न्हाई. माझ्या मेहनतीचं हाय."

"वावर कोणाचं?"

नवरा दारातून म्हणाला, "मामी, त्या पट्टीत मी एकदाच गेलो, हिच्याशी भांडायला."

आई हसली नाही. मी समोर मांडी घालून बसले. "तू न्हाई खाल्लंस तर मी बी न्हाई खाणार. बसू दोघी उपाशी."

माझा हट्ट तिच्याकडूनच आलाय, हे तिला ठाऊक होतं. बऱ्याच वेळानं तिनं चिमूटभर कीस तोंडात टाकला. "कवळा हाय मका," म्हणाली. आणखी एक घास घेतला. मग काळा चष्मा माझ्याकडे वळवून वैतागली, "नुसतं तोंडीलावणं काहून देऊन राहिलीस? भाकरी न्हाई का घरात?"

टोपलीतली भाकरी नवऱ्याच्या शेतातल्या ज्वारीची होती. आईला ते माझ्याइतकंच माहीत होतं. मी पटकन भाकरी वाढली.

तिनं भाकरी मोडली. इतका वेळ चौकटीला टेकून बघणाऱ्या माझ्या दोन्ही मुलींना तिनं हाक मारली, आणि जरा सरकून दोघींना आपल्या ताटावर जेवायला घेतलं.