नाहीवाले मामा

बीमा एजंट घरी आला की आधी गोड बोलतो, मग चहा पितो आणि मग सही घेतो. आमचे नाहीवाले मामा आल्या आल्या भांडायचे. पॉलिसीचं शेवटचं पान गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "वाच. मोठ्यानं वाच." कंपनी कशाकशाचे पैसे देणार नाही, ते त्या पानावर छापलेलं असायचं. "काय भेटन थे सारेच सांगतात. काय नाई भेटनार थे मी सांगतो." पान वाचून होईपर्यंत ते चेकला हात लावायचे नाहीत. अर्धी गिऱ्हाइकं तिथंच पळायची आणि मामांना त्याचं काडीचंही दुःख नव्हतं. कोण कोण पळालं ते चहा पिताना रंगवून सांगायचे.

मामा सख्खे नव्हेत. आईच्या माहेरच्या गावचे, म्हणून मामा. राहायचे भिलाईच्या कोहक्यात आणि आमच्या सेक्टरमध्ये यायचे ते स्कूटरवर, असल्या वेगानं की सायकलवरच्या शाळेतल्या पोरी त्यांना मागं टाकून वळून वळून हसायच्या. सिग्नल हिरवा असला तरी ते थांबायचे. "आता हिरवा हाय, पन लाल व्हायले किती टाइम लागते?" मागचे हॉर्न वाजवून वाजवून थकायचे. हा माणूस गाड्यांचा बीमा विकून पोट भरतो, यावर आम्ही भावंडं पोट धरून हसायचो.

जीभ मात्र सुसाट. त्यातून गाईंचा विषय निघाला की विचारू नका. आमच्याकडं गाडी कशीही ठोका, क्लेमच्या फॉर्मवर कारण एकच, गाय आडवी आली. दारू पिऊन नालीत घातली तरी गाय, दहावीतल्या पोरानं गेटवर चढवली तरी गाय. मामा कपाळाला हात लावायचे. "फॉर्मावर जितक्या गाई येऊन राहिल्या ना बाप्पा, तितक्या खरोखर असत्या तर भिलाईत दूध फुकट भेटलं असतं."

आता माझं शहाणपण ऐका. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा, दुर्गला नोकरीला, आणि मोबाइलवर शर्यतींचे व्हिडिओ बघून डोकं फिरलेला. काही हौशी लोकांनी एका खाजगी ट्रॅकवर रविवार ठरवला होता. आपापली गाडी आणा, घड्याळ लावून पळवा. गाडी बाबांची होती, बाबांच्या नावावर. मी मामांना सहज विचारल्यासारखं विचारलं, "ट्रॅकवर गाडी चालवली तर बीमा लागू होतो ना? तिथं ट्रक नाही, ऑटो नाही, दारुडे नाहीत. रस्त्यापेक्षा सेफ."

मामांनी चष्म्यावरून पाहिलं. "शर्यत नाई, स्पीड टेस्टिंग नाई, असं सरळ लिहून हाय. गेल्या साली तूच वाचलं, मोठ्यानं. रस्त्यावर ठोकली तर मानूस कुठंतरी जाऊन राहिला होता, समजू शकतो. ट्रॅकवर तू कुठंच जाऊन नाई राहिला, गोल गोल फिरून राहिला. त्याचे पैसे कंपनीनं कावून द्यावे? बह्याड हाय का थे? त्याचा बीमा अलग काढा लागते, आन् थो माह्याकडं नाई." मग हळूच विचारलं, "कोन जाऊन राहिला?"

"कोणी नाही, एक मित्र," मी म्हणालो.

अहिवाऱ्याला मित्राचा साखरपुडा आहे अशी घरी थाप मारून मी ट्रॅकवर गेलो. भाड्याचं हेल्मेट घातलं, दारावर नंबराचं स्टिकर लावलं. दुसऱ्याच फेरीत वळण डावीकडं गेलं आणि मी सरळ गेलो, तो टायरांच्या भिंतीत. मला खरचटलंही नाही. गाडीचं तोंड मात्र आत गेलं. मित्र धावत आले आणि सगळ्यांच्या तोंडून एकच सल्ला निघाला, गाय. पिकअपवर घालून गाडी अहिवारा रोडवर नेली, बाभळीच्या झाडाला टेकवली, फोटो काढले. एका फोटोत तर खरीच गाय आली. मागं निवांत बसून रवंथ करत होती. आम्हाला ते फार शुभ वाटलं. मग गाडी घरी आणली आणि घरीही गायच सांगितली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामा आले. गाडीभोवती सावकाश एक चक्कर मारली. बंपरवर अंगठा घासला, तो रबरानं काळा झाला. दारावर हात फिरवला, बोटांना स्टिकरचा चिकटा लागला. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "गाईनं नंबर बी चिटकवला वाटते."

"मामा, पाया पडतो. बाबांना कळू देऊ नका. तुम्ही फक्त फॉर्म भरून द्या."

"मी भरतो ना. सही कोन करन? गाडी कोनाची हाय?"

सही बाबांची लागणार होती. बाबांनी स्टील प्लांटच्या टाइम ऑफिसात बत्तीस वर्षं लोकांची हजेरी लावली होती. सख्ख्या साडूला दहा मिनिटं उशीर झाला तर त्यालाही उशीर लावला, आणि साडूनं चार वर्षं आमच्या घरी पाणी प्यायलं नाही. त्या माणसाला आता मी खोट्या कागदावर सही करायला लावणार होतो. खरं सांगतो, तरीही मी मामांना घरात घेऊन गेलो.

मामा पुढच्या खोलीत बसले. "जय भीम, भाऊजी," म्हणून त्यांनी फॉर्म काढला आणि प्रत्येक शब्द मोठ्यानं म्हणत भरायला घेतला. "अहिवारा रोड. अचानक गाय आडवी आली. ड्रायव्हरनं गाय वाचवाले गाडी उजवीकडं घेतली. झाड कोनतं लिहू रे, पंकज? कडुलिंब का?"

"बाभूळ," मी म्हणालो. काय निर्लज्ज आवाज होता माझा!

मामांनी फॉर्म आणि पेन पुढं केलं. बाबांनी चष्मा लावून कागद वरपासून खालपर्यंत वाचला, सहीच्या जागेवर पेन नेलं आणि थांबले. माझ्याकडं पाहून म्हणाले, "गाईले लागलं का रे?"

कालपासून सगळ्यांनी मला लागलं का विचारलं होतं, गाडीचं विचारलं होतं. गाईचं कोणीच विचारलं नव्हतं. बाबा खरोखर काळजीनं विचारत होते.

"बाबा, गाय नव्हती," मी म्हणालो, आणि सगळं सांगून टाकलं.

बाबांनी पेनाला टोपण लावलं, पेन फॉर्मवर ठेवलं आणि उठून मागच्या अंगणात गेले. नऊ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मामांनी फॉर्मचे चार तुकडे करून बॅगेत टाकले. "चला, एक गाय तरी वाचली," म्हणाले, आणि आईकडं पाणी मागितलं. वर्षभर माझ्या पगारातून गाडी दुरुस्त होत राहिली, तेवढे दिवस मामांनी एकही टोमणा चुकवला नाही. मला त्यांचा भयंकर राग यायचा.

मामी गेल्यावर मामा नागपूरला मुलीकडं कायमचे निघाले. दुर्ग स्टेशनवर त्यांना गाडीत बसवायला मीच गेलो होतो. खिडकीशी उभं राहून शेवटी विचारलं, "मामा, त्या दिवशी मी बोललो नसतो आणि बाबांनी सही केली असती, तर तुम्ही काय केलं असतं?"

मला वाटलं, आता एक सणसणीत टोमणा येणार. मामांनी पाण्याच्या बाटलीचं झाकण लावलं.

"देऊन आलो असतो फॉर्म कंपनीत," ते म्हणाले. "सारी उमर एक खोटा क्लेम नाई केला रे मी. पन भाऊजीले कसं सांगू, का पोरगा तुमच्या हातून खोटी सही करून घेऊन राहिला? थे माह्याच्यानं झालं नसतं. पेन देताना हात कापून राहिला होता माहा. तुले दिसला नाई?"

मला दिसला नव्हता. गाडी हलली आणि मी हात हलवायचंही विसरलो.

पुढच्या उन्हाळ्यात मामा गेल्याचा फोन आला. बाबा आजही त्यांच्या सचोटीचे दाखले येणाऱ्याजाणाऱ्याला देतात. स्टेशनवरची गोष्ट मी त्यांना सांगितलेली नाही, सांगणारही नाही.