कुंपणाबाहेरची फुलं

त्या ऑक्टोबरात मी पोर्चवरच्या दोन कुंड्या इतक्या वेळा लावल्या आणि उपसल्या की शेवटी नवरा म्हणाला, "आता त्या रोपांनाच चक्कर येत असेल." मी लक्ष दिलं नाही. मुळातच माझ्या पायाला भिंगरी, त्यात त्या वर्षी बाबा आमच्याकडे आलेले होते आणि ते राहणार की जाणार हे काही केल्या ठरत नव्हतं. जिवाला चैन नसली की मी हाताला काम लावते. कधी कपाटं आवरते, कधी सोफा या भिंतीचा त्या भिंतीला नेते. त्या वर्षी कुंड्या सापडल्या.

आई गेल्यावर बाबा नागपूरच्या घरात एकटेच राहत होते. मी त्यांची एकुलती एक, आणि मी इथे अमेरिकेत, रेडमंडला. वसंतात ते न्हाणीघरात पाय घसरून पडले. मनगट मोडलं आणि उठता येईना, म्हणून तिथेच पडून राहिले. मागच्या गल्लीतल्या काकूंकडे घराची जादा किल्ली होती. त्या दार उघडून आत आल्या म्हणून निभावलं. मी तातडीने गेले, प्लास्टर उतरेपर्यंत थांबले आणि येताना त्यांना घेऊनच आले. परतीचं तिकीट दिवाळीनंतरचं होतं, कारण त्याशिवाय ते विमानात बसायलाच तयार नव्हते.

ते तिकीट मला कॅन्सल करायचं होतं. ग्रीन कार्डचा अर्ज करू या, असं मी दर आठवड्याला म्हणायचे आणि ते म्हणायचे, "बघू." हे "बघू" मी पहिल्यांदा ऐकलं ते शाळेत असताना, सायकल मागितली तेव्हा. ती सायकल काही आली नाही.

कुंड्यांचं खूळ डोक्यात शिरलं त्यालाही कारण बाबाच होते. आमच्या गल्लीत सप्टेंबर संपला की प्रत्येक पोर्च सजतो. भोपळे, गवताचे भारे, दाराच्या दोन्ही बाजूंना भरगच्च कुंड्या. आमचा पोर्च तेवढा बोडका असायचा. मला वाटलं, बाबांना झाडांची आवड आहे, त्यांच्या हाताला काहीतरी मिळेल, आणि ज्या मातीत माणूस हात घालतो ती सोडून जाणं त्याला जरा जड जातं. हे मी कोणाला बोलून दाखवलं नाही. नवऱ्याला सांगितलं की घराची शोभा वाढेल.

नर्सरीतल्या बाईंनी कुंडी भरायचं सूत्र सांगितलं. मध्ये एक उंच काहीतरी, भोवती फुललेलं काहीतरी, आणि कडेवरून खाली ओघळणारं काहीतरी. मी तांबूस गवत घेतलं, शेवंती घेतली, आयव्हीचा वेल घेतला आणि जांभळ्या पानांचा शोभेचा कोबीही घेतला. बाबा पोर्चच्या पायरीवर चहाचा कप घेऊन बसले होते.

"कोबी कुंडीत लावून राहिली?" ते म्हणाले. "भाजी करायची की पाहायचा?"

"पाहायचा, बाबा."

"बाप्पा!" एवढंच म्हणून त्यांनी चहा संपवला. मातीला मात्र हात लावला नाही. मनगट दुखतं म्हणाले.

मी एकटीनेच कुंड्या भरल्या. मग फुटपाथवर उभी राहून पाहिलं, तर करायला गेले गणपती अन् झाला मारुती. गवत एका बाजूला कललेलं, वेल हरवलेला, आणि कोबी मध्येच बसकण मारून बसलेला. पुन्हा उपसलं. पुन्हा लावलं. मीटिंग संपली की बाहेर, भात शिजेपर्यंत बाहेर. बाबा म्हणाले, "तू काय करून राहिली सकाळपासून? त्या झाडाला मूळ तरी धरू दे." मला वाटलं होतं की हे असं बोलता बोलता तेच खुरपं हातात घेतील. ते उठून आत गेले.

त्यांचं लक्ष वेगळीकडेच होतं, ते मला उशिरा कळलं. आई असेपर्यंत बाबा देवाला साधे हातही जोडत नसत. आईच्या पूजेला ते "तुझं ऑफिस" म्हणायचे. आई गेली, तेरावा झाला, आणि त्यानंतरच्या सकाळी ते आंघोळ करून मुकाट्याने देवांपुढे बसले. "देव तिचे आहेत, त्यांना पारोसं कसं ठेवायचं?" म्हणाले. इथे येतानाही आईची अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण त्यांनी स्वेटरमध्ये गुंडाळून आणले होते. माझ्या किचनच्या कोपऱ्यात, टोस्टरशेजारी, देव बसले होते. रोज सकाळी त्यांच्यावर ताजी पांढरी शेवंती असायची. माझ्या कुंडीत पिवळी होती. सकाळी मुलीचा डबा, माझी आठची मीटिंग, नवऱ्याच्या हरवलेल्या किल्ल्या, या गडबडीत पिवळ्याचं पांढरं कसं झालं हा प्रश्न मला पडलाच नाही.

मग एके दिवशी ऑफिसात असताना कॉलनीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. समोरच्या घरातल्या बाईंनी तो टाकला होता. सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या, कुत्रा फिरवताना मान हलवून हाय म्हणणाऱ्या, त्यापलीकडे आमची ओळख नव्हती. व्हिडिओ त्यांच्या दाराच्या बेलवरच्या कॅमेऱ्यातला. अजून नीट उजाडलेलं नाही, माकडटोपी घातलेला एक माणूस पोर्चच्या कडेशी येतो, इकडेतिकडे न बघता अगदी शांतपणे त्यांच्या कुंडीतली फुलं एकेक करून खुडतो आणि इंडियन स्टोअरच्या पिशवीत टाकतो. खाली लोकांच्या कॉमेंट. कोणी हसलेलं, कोणी पोलिसांना कळवा म्हणणारं. त्या सगळ्या कॉलनीत माकडटोपी एकच होती. ती मीच दोन वर्षांपूर्वी नागपूरच्या थंडीसाठी बाबांना घेतली होती.

माझ्या कानशिलांना आग लागली. मीटिंग अर्धी टाकून घरी आले. बाबा टेबलापाशी मटार सोलत होते. मी फोन त्यांच्यापुढे धरला.

"मीच आहे," ते कौतुकाने म्हणाले. "चांगला येतो गं फोटो अंधारात."

"बाबा, तुम्ही लोकांची फुलं तोडता?"

"लोकांची काहून? कुंपणाबाहेरची तोडतो."

हे मी विसरले होते. नागपूरला आमच्या भागात सकाळी पिशव्या घेऊन हिंडणाऱ्या सगळ्या मंडळींचा एक नियम होता, आणि तो सगळे पाळायचे. कंपाउंडच्या आतल्या फुलाला हात लावायचा नाही. भिंतीवरून, जाळीतून बाहेर आलेली फांदी मात्र रस्त्याची, म्हणजे देवाची. त्यावरून कोणी भांडायचं नाही. बाबांनी तो नियम इथेही तंतोतंत पाळला होता. घोळ एवढाच होता की आमच्या गल्लीत कोणाच्याही घरापुढे कुंपणच नव्हतं. त्यांच्या हिशेबाने सबंध रेडमंडची फुलं कुंपणाबाहेर होती.

माझी मुलगी शाळेतून आली तेव्हा आमचा आवाज चढलेला होता. तिने व्हिडिओ पाहिला आणि म्हणाली, "आजोबा, यू कान्ट जस्ट टेक देम!" बाबांनी नातीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मटाराची ताटली पुढे सरकवून ते उठले, इस्त्रीचा शर्ट घातला, आणि माझ्या दोन कुंड्यांतली त्यातल्या त्यात बरी जमलेली कुंडी उचलायला लागले. मनगट दुखत होतं, म्हणून एका बाजूने मी धरली. आम्ही ती रस्त्यापलीकडे नेऊन समोरच्या दारात ठेवली.

बाबांनी इंग्रजीत माफी मागितली. वीज मंडळात नोकरीला असताना वरिष्ठांना पत्रं लिहायचे तसल्या इंग्रजीत. मी मध्येच देव, पूजा असं काहीबाही समजावलं. बाई म्हणाल्या, "ओह. नो वरीज." हसल्या, कुत्र्याला आत ओढलं आणि दार लावलं.

"रागावली का गं?" रस्ता ओलांडताना बाबांनी विचारलं.

"माहीत नाही," मी म्हटलं. खरंच माहीत नव्हतं. इतकी वर्षं इथे राहून त्या दोन शब्दांचा अर्थ मला अजून लागत नाही.

व्हिडिओ त्या संध्याकाळी ग्रुपवरून काढला गेला. पण दुसऱ्या दिवसापासून देवांवर फूल नव्हतं. नुसत्या अक्षता. मी म्हटलं, "आपल्या कुंडीतली घ्या ना." तर म्हणाले, "तुझ्या शोभेची आहेत, राहू दे." सकाळी फिरायला जायचे, रिकाम्या हाताने परत यायचे. ती घडी घातलेली पिशवी मात्र त्यांच्या जॅकेटच्या खिशात तशीच असायची. मला ते बघवेना. आणि मग दसऱ्याच्या आदल्या दिवशी, जेवताना, साधं मीठ मागावं तसं ते म्हणाले, "माझं तिकीट आहे तेच राहू दे."

मी ताट सोडून उठले. फुलांवरून कोणी देश सोडतं का, असं काहीतरी ओरडले. मग जे इतके दिवस मनात होतं तेही बोलले. "तिकडे पडलात तेव्हा कोण होतं तुमच्याजवळ? पुन्हा पडलात तर?"

"काकू आली ना."

"त्या आल्या हे नशीब!"

"नशीब कशाचं?" बाबा म्हणाले. "तिच्या भिंतीवरून जास्वंद बाहेर येते. मी रोज पाच फुलं घेतो, ती खिडकीतून पाहते. त्या दिवशी ऊन वर आलं तरी फुलं झाडावरच. तिने किल्ली घेतली आणि निघाली."

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. काकू सहज डोकावल्या असतील असंच मी धरून चालले होते.

"इथे तुम्ही सगळे आहात," ते पुढे म्हणाले, "पण आठ वाजता जाता. मग संध्याकाळपर्यंत मी आहे की नाही हे कोणाला कळत नाही. कॅमेऱ्याला कळलं, तर त्याने चोर म्हटलं." ते रागाने बोलत नव्हते. मला वाटत होतं, चिडावं त्यांनी, म्हणजे भांडता तरी आलं असतं.

दसऱ्याच्या दिवशी मी सुट्टी घेतली. नर्सरीत जाऊन पांढऱ्या शेवंतीची दिसतील तेवढी रोपं गाडीत भरली. घरी येऊन उरलेली कुंडी उलटी केली. गवत, कोबी, वेल, सगळं बाहेर. उंच, भरगच्च आणि ओघळणारं, सगळं सूत्र चुलीत गेलं. त्या कुंडीत आणि तळघरातल्या एका जुन्या टबात नुसती शेवंती ठासून भरली. मग ती दोन्ही पोर्चवरून ओढत ओढत फुटपाथच्या कडेला, मेलबॉक्सपाशी नेऊन ठेवली. नवरा बघत राहिला. "तिथे कोण ठेवतं कुंड्या? यार, कोणीही तोडून नेईल."

"हो," मी म्हटलं.

बाबा दारात उभे होते. त्यांनी बोडका पोर्च पाहिला, मेलबॉक्स पाहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी देवांवर पांढरी शेवंती होती, आणि त्यानंतर रोज. एक दिवस तर मी त्यांना खाली वाकून वाळकी फुलं काढताना आणि माती दाबताना पाहिलं. मला इतका आनंद झाला की मी खिडकीतून मागे सरले, उगाच त्यांना कळायला नको म्हणून. आता तिकिटाचं ते पुन्हा बोलणार नाहीत असं मला वाटायला लागलं. विचारायचा धीर मीही केला नाही.

दिवाळी झाली. बाबा ठरलेल्या तिकिटावर गेले. विमानतळावर मी शेवटचा प्रयत्न केला तेव्हा म्हणाले, "तू खूप केलं गं. पण मला तिथेच बरं वाटतं." आणि मी चिडले असं वाटून पुढे म्हणाले, "पुढचं बघू."

त्या वर्षी थंडी उशिरा पडली. मेलबॉक्सपाशी शेवंती फुलतच राहिली, आणि मी रोज गाडी काढताना तिकडे न बघता जात होते. माझ्या संध्याकाळी बाबांची सकाळ होते. तेव्हा त्यांच्या देवांचा फोटो येतो, वर पाच जास्वंदी असतात. तो येईपर्यंत मी घरभर फिरते. उशीर झाला की काकूंना फोन लावते. हे आजही तसंच आहे.

एका शनिवारी सकाळी बेल वाजली. समोरच्या बाई होत्या, घरातल्या सपाता घालून तशाच रस्ता ओलांडून आलेल्या, कुत्र्याशिवाय. त्या माझ्या खांद्यावरून आत पाहत होत्या.

"तुझे वडील बरे आहेत ना?" त्यांनी इंग्रजीत विचारलं. "मी कॉफी घेताना रोज बघते. बरेच दिवस झाले, कोणी फुलं तोडत नाहीये."

अजून थोडं आधी का नाही आलात, असं मला त्यांना म्हणायचं होतं, त्यांचा काही दोष नसताना.

"बरे आहेत," मी म्हटलं. "घरी गेले."

त्या "ओह" म्हणाल्या आणि त्यांनी मेलबॉक्सकडे वळून पाहिलं. मी आत बोलावलं, तर म्हणाल्या, कॉफी गार होईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जॅकेट चढवून मेलबॉक्सपाशी गेले. आईची अन्नपूर्णा बाबांबरोबर परत गेली होती, पण बाळकृष्ण त्यांनी टोस्टरशेजारी ठेवला होता. मी पाच फुलं खुडली. समोरच्या खिडकीत दिवा होता, कप हातात घेऊन त्या उभ्या होत्या. मी फुलांचा हात वर केला, म्हणजे त्यांना नीट दिसावीत.